ऑल्डविच: उरलेल्या तुकड्याचं स्टेशन

मधली_सीट

लंडनला स्ट्रँड रस्त्यावर किंग्ज कॉलेजला खेटून एक बसकी लाल इमारत आहे. लाल म्हणजे आपल्या कौलांसारखी नाही, काळसर, चकाकणारी, नुकतीच ओली केल्यासारखी. इंग्रज या रंगाला सरळ बैलाच्या रक्ताचा रंग म्हणतात. वरच्या बाजूला 'स्ट्रँड स्टेशन' अशी ठसठशीत अक्षरं आहेत. पण या नावाचं स्टेशन भुयारी रेल्वेच्या नकाशात शोधायला जाल तर मिळणार नाही, कारण १९१५ मध्येच त्याचं नाव बदलून ऑल्डविच केलं आणि ३० सप्टेंबर १९९४ ला ते बंदच झालं.

मागच्या हिवाळ्यात लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या फेरीतून आत जाऊन आले, तेव्हापासून या स्टेशनाने डोक्यात घर केलंय. घरचे आता कंटाळलेत, म्हणून इथे लिहिते.

हे स्टेशन जन्मतःच अर्धवट होतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर लंडनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी दोन भुयारी मार्गांची परवानगी काढली होती. एकीला उत्तरेच्या वूड ग्रीनपासून खाली स्ट्रँडपर्यंत यायचं होतं, दुसरीला ब्रॉम्प्टनकडून पिकॅडिली सर्कसपर्यंत. दोघींकडे परवानगी होती, पैसे नव्हते. १९०१ मध्ये शिकागोचा चार्ल्स यर्क्स नावाचा भांडवलदार आला आणि त्याच्या गटाने दोन्ही कंपन्या घेतल्या. त्याने त्या मधोमध जोडून एकच लांब मार्ग केला, तीच आजची पिकॅडिली लाइन. हा जोड पिकॅडिली सर्कसहून निघून होबर्नला मिळाला. म्हणजे पहिल्या कंपनीच्या मूळ मार्गातला होबर्नच्या खालचा, स्ट्रँडकडे जाणारा तुकडा तसाच लोंबकळत राहिला. शिंप्याकडे कापड बेतल्यावर उरतो तसा.

परवानगी तर हातात होती, मग तो तुकडा फाटा म्हणून बांधला. रॉयल स्ट्रँड थिएटर पाडून त्या जागी ऑक्टोबर १९०५ मध्ये काम सुरू झालं. यर्क्स त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कला वारला, त्याने आपली एकही नवी भुयारी लाइन धावताना पाहिली नाही. मुख्य मार्ग डिसेंबर १९०६ मध्ये सुरू झाला आणि हा फाटा त्यानंतर वर्षभराने, ३० नोव्हेंबर १९०७ ला. फाटा केवढा, तर होबर्न ते स्ट्रँड. एकच थांबा. वरून चालत गेलात तर दहाएक मिनिटं.

पण बांधणाऱ्यांची उमेद बघा. लिफ्टसाठी तीन विहिरी खणल्या, सहा लिफ्ट मावतील अशा. त्यातल्या एकाच विहिरीत दोन लिफ्ट बसल्या आणि शेवटपर्यंत त्या दोनच राहिल्या. बाकीच्या दोन विहिरी तळघरापर्यंत येऊन थांबल्यात, वर जमिनीपर्यंत कधी आल्याच नाहीत. फलाट मात्र आखूड. कंपनीचं प्रमाण ३५० फुटांचं, इथे २५० फूट. एका हाताने स्वप्न बघायचं, दुसऱ्या हाताने खर्च छाटायचा.

आमची वाट जिन्याने, लिफ्ट बंदच आहेत. गोल गोल उतरणारा लोखंडी कठड्याचा जिना. पायऱ्या मोजायला सुरुवात केली होती, सत्तरीच्या पुढे पुढच्या बाईंच्या पर्सचा बंद माझ्या कोटाच्या बटणात अडकला आणि हिशेब गेला. फलाट रस्त्यापासून ९२ फूट ६ इंच खाली आहेत, त्यावरून ज्याने त्याने अंदाज करावा. खाली गेल्यावर पहिलं जाणवतं ते म्हणजे वारा नाही. लंडनच्या कुठल्याही ट्यूब (भुयारी रेल्वे) स्टेशनात गाडी यायच्या आधी गालाला जो कोमट वारा लागतो, तो इथे नाही. मी दोनदा नकळत त्याची वाट बघितली.

दोन फलाट आहेत. पश्चिमेकडचा १९९४ पर्यंत चालू होता. पूर्वेकडचा १९१४ मध्येच सुटला, म्हणजे जेमतेम सात वर्षं चालला. तिथे भिंतीवर हिरव्या आणि पिवळसर पांढऱ्या टाइल्सची नक्षी आहे. रुळांच्या मधे नंतरच्या स्टेशनांत असतो तसा खोल खड्डाही नाही, कारण तो खणायची पद्धत येण्याआधीच या फलाटाचं आयुष्य संपलं होतं. भिंतीवर जुनी पोस्टरं दिसली म्हणून मी हरखून फोटो काढायला गेले, तर वाटाड्या म्हणाला, यातली बरीचशी शूटिंगवाल्यांनी चिकटवलेली आहेत, फार विश्वास ठेवू नका. बंद स्टेशनाला सिनेमावाल्यांचं भाडं हा मोठा आधार असतो.

युद्धांबद्दल आणि बंद पडण्याबद्दल प्रतिसादांत लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

स्लो_लोकल

मस्त धागा. एकच प्रश्न, एका थांब्यासाठी लोक खरंच गाडीत बसायचे? डोंबिवलीकराला हे ऐकूनच हसू येतं. आम्ही दहा मिनिटांसाठी नुसता पूल चढतो उतरतो.

वाफाळता

मुळात बसावं अशी अपेक्षाच वेगळ्या लोकांकडून होती. स्ट्रँड भागात नाटकगृहांची रांग होती. त्या प्रेक्षकांसाठी सुरुवातीला रात्री उशिरा स्ट्रँडहून थेट उत्तरेला फिन्सबरी पार्कपर्यंत एक खास गाडी सोडायचे. नाटक सुटलं की गाडी. ती १९०८ मध्येच बंद झाली. त्यानंतर उरलं ते शटल, होबर्न ते स्ट्रँड आणि परत. बैलगाडीच्या चाकोरीसारखं.

जाता जाता, लिहिताना बरेच जण 'होलबॉर्न' लिहितात. मधला ल उच्चारत नाहीत. धागाकर्तीने होबर्न लिहिलंय, त्याबद्दल विशेष आभार.

मधली_सीट

@वाफाळता, धन्यवाद, ही चूक मी पहिली दोन वर्षं केली आणि ऑफिसात सगळ्यांनी सभ्यपणे ऐकून घेतली.

@स्लो_लोकल, लोक फारसे बसायचेच नाहीत, हेच तर रडगाणं. रविवारची गाडी १९१७ मध्ये गेली. ऑक्टोबर १९२२ मध्ये तर तिकीट खिडकीच बंद केली आणि तिकिटं लिफ्टमध्ये द्यायला लागले! लिफ्टमनच कंडक्टर. वर-खाली करता करता तिकीट फाडायचा. मला ही गोष्ट सगळ्यात आवडते.

१९२९ मध्ये बंद करायच्या स्टेशनांचा विचार झाला तेव्हा याचे आकडे निघाले. वर्षाला १०,६९,६५० प्रवासी, उत्पन्न ४,५०० पौंड.

स्लो_लोकल

थांबा, थांबा. तेव्हा पौंडाचे २४० पेन्स ना? ४,५०० गुणिले २४० म्हणजे १०,८०,००० पेन्स. प्रवासी १०,६९,६५०. म्हणजे माणशी जवळजवळ नेमका एक पेनी! दोन लिफ्ट, लिफ्टमन, गाडी, बोगदा, वीज, सगळं माणशी एका पेनीत. कंपनीला किती गोड लागलं असेल कल्पना करा.

खडूस_काका

मग बंद करायला हवं होतं ना तेव्हाच. भावना बाजूला ठेवा. टेंपल स्टेशन तिथून चालत चार-पाच मिनिटांवर, होबर्न दहा. लोकांच्या पैशावर आणखी ६५ वर्षं का चालवलं? इथे कुणी उत्तर देईल का?

मधली_सीट

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, माझं उत्तर जरा लांब आहे.

प्रवासी नव्हते म्हणून स्टेशन निरुपयोगी, असं सगळे म्हणतात. मला ते उलटं वाटतं. हा फाटा मुळात नदीपलीकडे वॉटर्लूपर्यंत न्यायला हवा होता. वॉटर्लू म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांचं भलंमोठं टर्मिनस. तिथून थेट होबर्नला गाडी असती तर आज या स्टेशनात उभं राहायला जागा मिळाली नसती. असं मी एकटीच म्हणत नाही. नदीच्या बाजूला वाढवायच्या योजना फाटा सुरू व्हायच्या आधीपासून आल्या आणि बारगळल्या. १९६५ मध्ये तर वॉटर्लूपर्यंतच्या विस्ताराला संसदेची परवानगीसुद्धा मिळाली. पैसे मिळाले नाहीत. 'परवानगी आहे, पैसे नाहीत' हीच या स्टेशनाची जन्मकथा आणि हीच पुढची कथा.

एवढ्यावर संपत नाही. सत्तरच्या दशकात जी नवी लाइन आखली, आजची ज्युबिली, तिचा पुढचा टप्पा चेअरिंग क्रॉसहून ऑल्डविचमार्गे पूर्वेला जाणार होता. १९७९ मध्ये ती चेअरिंग क्रॉसपर्यंत आली. गाड्या मागे घ्यायला जे बोगदे पुढे खणले ते ऑल्डविचच्या जवळ येऊन पोचलेत. आणि मग १९९९ मध्ये लाइन वळली वेस्टमिन्स्टरकडून वॉटर्लूला. म्हणजे चेअरिंग क्रॉसचे ज्युबिलीचे फलाटही वीस वर्षांत बंद! ऑल्डविचची बाधा शेजारच्याला झाली म्हणायची.

तेव्हा ६५ वर्षं चालवलं ते प्रेमाने नव्हे. दर दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी म्हणायचं, थांबा, पुढे वाढवायचंय, मोडू नका.

खडूस_काका

म्हणजे 'असू दे, कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेला आइस्क्रीमचा रिकामा डबा. समजलं. तरी माझं मत तेच.

पेरूची_फोड

भूत आहे का भूत?? मुद्द्याचं बोला.

मधली_सीट

पाडलेल्या थिएटरातली एक नटी रुळांवर फिरते असं सांगतात. मला दिसली नाही. थंडी वाजत होती एवढं खरं. भुताच्या बाबतीत मान शेजारच्या ब्रिटिश म्युझियम स्टेशनचा, तिथे इजिप्तच्या ममीची कहाणी आहे. तेही बंदच, सप्टेंबर १९३३ पासून, कारण होबर्नलाच सेंट्रल लाइनचे फलाट झाले आणि त्याची गरज संपली.

नीरा_काठची

मी वाचक प्रकारात मोडते, पण हा धागा बघून लॉगिन केलं. मी १९९१ साली ऑल्डविचने प्रवास केलाय. शिकायला होते तिथे जवळच. तेव्हा गाडी फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी.

होबर्नला पिकॅडिली लाइनवरून उतरलं की सगळी गर्दी सरकत्या जिन्याकडे वळायची आणि आम्ही पाच-सहा जण बाजूच्या बोळकांडीतून त्या वेगळ्या फलाटाकडे. तीन डब्यांची गाडी उभी असायची, दिवे लावून, दारं उघडी. कुणीही घाईत नसायचं. एक गृहस्थ रोज त्याच सीटवर बसून पेपर उघडायचे. पेपर पूर्ण उघडून घडी नीट बसेपर्यंत स्टेशन यायचं, मग ते तसाच बंद करायचे. मला कायम वाटायचं, उघडतातच कशाला.

वर लिफ्ट. मोठी, लाकडी फळ्यांची, खोलीएवढी. हलायला लागली की पोटात काहीतरी व्हायचं आणि सगळे लिफ्टच्या छताकडे बघायचे. पावसात मात्र तिच्यासारखं सुख नाही, कारण बाहेर पडलं की कॉलेज दोन मिनिटांवर. उन्हाळ्यात मी चालतच जायचे. म्हणजे तोट्यात माझाही वाटा आहे, काका.

स्लो_लोकल

ताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाच्या तोडीचा आहे. (धागाकर्तीने राग मानू नये.)

मधली_सीट

अजिबात नाही, मलाच हेवा वाटला. आम्ही मेलेलं स्टेशन पाहिलं, तुम्ही त्यातून ये-जा केली.

आता युद्धांचं, राहिलं होतं. पहिल्या महायुद्धात १९१७ च्या सप्टेंबरात जर्मन बॉम्बहल्ले वाढले, तेव्हा नॅशनल गॅलरीतली सुमारे ३०० चित्रं त्या सुटलेल्या पूर्वेकडच्या फलाटावर आणून ठेवली. डिसेंबर १९१८ पर्यंत तिथेच होती. ज्या फलाटाला प्रवासी मिळत नव्हते त्याला एकदम राजेशाही पाहुणे!

दुसऱ्या महायुद्धात २२ सप्टेंबर १९४० ला गाडीच थांबवली आणि पश्चिमेकडचा फलाट नि बोगदा लोकांना रात्री आसरा म्हणून दिला. त्या काळातले फोटो पाहिलेत का? माणसं फलाटावर तर आहेतच, पण खाली रुळांच्या मधेही अंथरूण टाकून झोपलीत. वीज बंद, गाडी यायची भीती नाही. आणि भिंतीपलीकडच्या पूर्वेच्या बोगद्यात ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू, त्यात अथेन्सच्या पार्थेननवरून आणलेली ती वादग्रस्त शिल्पं. एका बोगद्यात बेघर झालेल्या बायकापोरांच्या चटया, दुसऱ्यात ग्रीक देव. गाडी परत सुरू झाली १ जुलै १९४६ ला.

वाफाळता

त्याच पिकॅडिली लाइनवरचं डाउन स्ट्रीट याच पंक्तीतलं. ते १९३२ मध्ये बंद झालं आणि युद्धात रेल्वेचा कारभार चालवणाऱ्या समितीचं भुयारी कार्यालय झालं, चर्चिलही तिथे राहून गेले. बंद स्टेशनांना युद्धात बरे दिवस आले हे खरं.

इमारतींबद्दलही एक सांगतो. ही लाल इमारत लेस्ली ग्रीनची. यर्क्सच्या लाइनींसाठी त्याने चारेक वर्षांत पन्नासच्या आसपास स्टेशनं काढली. पोलादी सांगाडा, त्यावर त्या लाल टाइल्स, वरचं छत सपाट आणि मजबूत, की पुढे त्यावर ऑफिसचे मजले चढवता यावेत. आणि प्रत्येक स्टेशनच्या फलाटावर टाइल्सची नक्षी वेगळी, म्हणजे नेहमीच्या माणसाला गाडीतून रंग बघूनच आपलं स्टेशन कळावं. कामाने पिळून निघाला. १९०८ मध्ये गेला, वय ३३. आजही लंडनमध्ये लाल स्टेशन दिसलं की समजायचं, हा माणूस.

पेरूची_फोड

ऑल्डविचला इंडिया हाउस आहे ना? म्हणजे सावरकर हेच स्टेशन वापरत असणार!! कुणीच कसं लिहिलं नाही?

वाफाळता

घोटाळा होतोय. सावरकर राहायचे ते श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस उत्तरेला हायगेटला, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर. ऑल्डविचचं इंडिया हाउस म्हणजे आपल्या उच्चायुक्तालयाची इमारत, हर्बर्ट बेकरने बांधलेली, १९३० ची. नाव एक, बाकी कशाचा काही संबंध नाही.

गोदाकाठचा_रामू

आपला खरा संबंध बाबासाहेबांचा आहे. १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दाखल झाले. ते क्लेअर मार्केटला, ऑल्डविच स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आत. त्याच वर्षी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं, ते होबर्न स्टेशनपासून जवळ. म्हणजे या चिमुकल्या फाट्याची दोन टोकं म्हणजे बाबासाहेबांच्या लंडनमधल्या शिक्षणाची दोन टोकं! १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे परतावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा गेले, १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. ते या गाडीत बसले असतील का?

मधली_सीट

@रामू, नकाशावर असं कधी बघितलंच नव्हतं! अंगावर काटा आला. पण बसले असतील असं मी म्हणणार नाही. तशी नोंद माझ्या वाचनात नाही आणि दहा मिनिटांच्या चालीसाठी एक पेनी खर्च करणाऱ्यांतले ते नव्हते. त्या काळात ते पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेत होते. वरच्या रस्त्याने, किंग्जवेवरून चालत जाताना मात्र मला ते सहज दिसतात.

गोदाकाठचा_रामू

हे पटलं. पेनी वाचवलीच असणार.

खडूस_काका

बंद कसं पडलं ते अजून राहिलंय. अर्धवट धागे सोडू नयेत.

मधली_सीट

काकांना आता रस वाटायला लागलाय, नोंद घ्यावी.

१९५८ मध्ये एकदा बंद करायचं ठरलं, टळलं. त्याऐवजी १९६२ पासून गाडी फक्त गर्दीच्या वेळेपुरती ठेवली. पूर्वेचा फलाट मग प्रयोगशाळा झाला. इतर स्टेशनांत लावायच्या नव्या टाइल्स आणि नक्षी आधी इथे लावून बघायचे. अजून भिंतीवर ते तुकडे दिसतात, साडीच्या दुकानात काउंटरवर पसरलेल्या नमुन्यांसारखे.

शेवटी जीव घेतला तो लिफ्टने. १९०७ च्या त्याच दोन लिफ्ट नव्वदीपर्यंत चालल्या होत्या. बदलायच्या तर ३० लाख पौंड. प्रवासी दिवसाला ४५०, वर्षाचा तोटा दीड लाख पौंड. यावर वाद घालायला मलाही तोंड नाही. ३० सप्टेंबर १९९४ ला शेवटची गाडी. त्याच दिवशी सेंट्रल लाइनचं दुसरं टोक, एपिंग ते ऑन्गर, तेही बंद झालं. एका दिवसात ट्यूबच्या नकाशाचे दोन शेंडे छाटले. २०११ मध्ये ऑल्डविचच्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

स्लो_लोकल

कामाचे दिवस अडीचशे धरले तर वर्षाला १,१२,५०० फेऱ्या. तोटा दीड लाख. म्हणजे दर माणसामागे सव्वा पौंडाच्या वर घरचे घालत होते. १९२९ ची पेनी बरी म्हणायची.

नीरा_काठची

माझ्या वाट्याचे किती झाले ते सांगू नका.

कांदेपोहे७

सुंदर धागा, सगळे प्रतिसाद वाचले. आम्ही एप्रिलमध्ये लेकाकडे येतोय. ही फेरी आईला दाखवता येईल का? वय ७४, गुडघ्याची तक्रार आहे, पण उत्साह दांडगा.

मधली_सीट

फेरीत उतरणं-चढणं दोन्ही त्याच गोल जिन्याने आहे. लिफ्ट नाही. काकूंना नको.

त्यापेक्षा होबर्नला उतरून किंग्जवेने खाली चालत या, वाटेत बसायला जागा आहेत. स्ट्रँडचा स्टेशनसमोरचा तुकडा २०२२ पासून गाड्यांना बंद केलाय, तिथे बाकं टाकलीत. काकूंना बाकावर बसवा, समोर ती लाल इमारत आणि वर 'स्ट्रँड स्टेशन'. मग डावीकडच्या सरे स्ट्रीटमध्ये दहा पावलं आत जा, तिथे दुसरा दर्शनी भाग आहे, तो बहुतेक जण बघायचाच विसरतात. थर्मासमध्ये चहा न्या, एप्रिलमध्येही वारा बोचरा असतो.